त्रिघाती समीकरणाचे गुपित: तार्ताल्या–कार्दानो वादाचा प्रकरण अभ्यास

त्रिघाती समीकरण, म्हणजे अज्ञात संख्येचा घन असलेले समीकरण, सोडवण्याच्या ज्या रीतीला आज ‘कार्दानोचे सूत्र’ म्हणतात ती मिलानचा वैद्य आणि गणिती कार्दानो याने शोधलेली नाही, आणि तसे त्याने स्वतःच १५४५ साली छापून ठेवले आहे. पहिला मान बोलोन्याच्या शिपिओने देल फेर्रोचा, दुसरा ब्रेशियाच्या निकोलो तार्ताल्याचा, असे त्याने नावानिशी लिहिले. तरीही तार्ताल्याने त्याला शपथ मोडणारा ठरवले, इटलीभर बोभाटा केला आणि शेवटी मिलानच्या एका चर्चमधल्या जाहीर सामन्यातून माघार घेतली. नाव घेऊन श्रेय दिले असतानाही भांडण का झाले, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर माणसांच्या स्वभावात जितके आहे तितकेच त्या काळच्या रोजगारात आणि खुद्द गणितात आहे.

सूत्र लपवण्यात फायदा काय होता

सोळाव्या शतकातल्या इटलीत गणित शिकवणाऱ्याची नोकरी कायमची नसे. विद्यापीठातला करार थोड्या मुदतीचा, तो पुन्हा मिळेलच याची खात्री नाही. विद्यापीठाबाहेर व्यापारी हिशेब शिकवणाऱ्या शाळा आणि खासगी शिष्य यांवर पोट चाले. यात जाहीर आव्हानाची प्रथा होती. कोणीही उठून दुसऱ्याला ठरावीक संख्येचे प्रश्न धाडू शके, समोरच्याने तितकेच उलट धाडायचे, दोन्ही याद्या नोटरीकडे ठेवायच्या आणि मुदतीत जो जास्त सोडवेल तो जिंकला. हरणाऱ्याचे शिष्य पांगत, कधी जागाही जाई.

अशा बाजारात दुसऱ्याला न येणारी एक रीत हाताशी असणे म्हणजे हुकमाचा एक्का. छापली की ती सगळ्यांची झाली, आणि पुढच्या सामन्यात तिचा उपयोग शून्य. संरक्षणाचा दुसरा मार्गही नव्हता. व्हेनिसने १४७४ सालीच नव्या यंत्रांसाठी १० वर्षांच्या मक्त्याचा कायदा केला होता, पण तो उपकरणांसाठी. समीकरण सोडवण्याच्या रीतीला असा मक्ता मिळत नसे. आपण अमुक तारखेला अमुक शोधले हे नोंदवणारी नियतकालिकेही नव्हती. लंडन आणि पॅरिसची पहिली विज्ञान-नियतकालिके १६६५ सालची आहेत.

म्हणूनच देल फेर्रोने १५१५ च्या सुमारास त्रिघाती समीकरणाचा एक प्रकार सोडवला, तेव्हा तो गप्प बसला. तो बोलोन्या विद्यापीठात शिकवत होता. लुका पाचोलीने १४९४ साली छापलेल्या प्रचंड अंकगणितात या समीकरणांना अजून सर्वसाधारण रीत नाही असे म्हटले होते. म्हणजे देल फेर्रोच्या वहीत जे होते ते युरोपात कोणाकडेच नव्हते. १५२६ साली तो वारला. रीत दोघांकडे गेली: शिष्य आंतोनियो मारिया फिओर, आणि जावई आन्निबाले देल्ला नावे, ज्याला सासऱ्याची जागाही मिळाली. जावयाने वही जपून ठेवली. फिओरने तिच्यातली रीत घेऊन आखाड्यात उतरायचे ठरवले.

रीत नेमकी काय होती

हे समजल्याशिवाय पुढची भांडणे कळत नाहीत. तेव्हाचे गणिती समीकरणात ऋण सहगुणक ठेवत नसत आणि सगळे एका बाजूला आणून शून्याशी बरोबरीही करत नसत. त्यामुळे आज आपण एका ओळीत लिहितो ते त्रिघाती समीकरण त्यांच्यासाठी १३ वेगवेगळ्या प्रकारांत विखुरलेले होते, आणि एका प्रकाराची चावी दुसऱ्याला लागेलच असे नव्हते. वर्गाचे पद नसलेले तीन प्रकार महत्त्वाचे. अव्यक्ताला क्ष म्हटले, तर घन अधिक क्ष बरोबर संख्या. घन बरोबर क्ष अधिक संख्या. घन अधिक संख्या बरोबर क्ष. देल फेर्रोने पहिला सोडवला होता.

एखादे विशिष्ट समीकरण युक्तीने सोडवणे जुनेच होते. भास्कराचार्यांच्या बीजगणितात क्ष³ + १२क्ष = ६क्ष² + ३५ हे आहे. ६क्ष² डावीकडे नेऊन दोन्ही बाजूंतून ८ वजा केले की डावीकडे (क्ष − २)³ होतो, उजवीकडे २७ उरतात, म्हणून क्ष = ५. पण आकडे बदलले की ही युक्ती चालत नाही. सर्वसाधारण रीत म्हणजे कोणतेही आकडे घाला, पायऱ्या त्याच राहतात.

कार्दानोने नंतर छापलेले उदाहरण घेऊ: क्ष³ + ६क्ष = २०.

पहिली पायरी, अशा दोन संख्या शोधायच्या की त्यांची वजाबाकी २० यावी आणि गुणाकार क्षच्या सहगुणकाच्या तिसऱ्या भागाचा घन यावा. ६ चा तिसरा भाग २, त्याचा घन ८. वजाबाकी आणि गुणाकार माहीत असला की दोन संख्या काढणे हे वर्गसमीकरणाचे काम, ते सर्वांना येत होते: २० चे निम्मे १०, वर्ग १००, त्यात ८ मिळवून १०८, त्याचे वर्गमूळ सुमारे १०.३९२. यात १० मिळवले की पहिली संख्या २०.३९२, १० वजा केले की दुसरी ०.३९२. आता दोघींची घनमुळे: २.७३२ आणि ०.७३२. वजाबाकी २. पडताळा: ८ + १२ = २०.

हे का चालते? दोन घनमुळांना अ आणि ब म्हणा. (अ − ब)³ मध्ये ३अब(अ − ब) मिळवले की नेमके अ³ − ब³ उरते. अब चे तिप्पट म्हणजे क्षचा सहगुणक आणि अ³ − ब³ म्हणजे उजवीकडची संख्या, एवढे जुळवले की क्ष = अ − ब. रीत इतकी आटोपशीर होती की एका कवितेत मावावी. तशी ती मावलीही.

१५३५: तीस प्रश्न, एकच कुलूप

तार्ताल्याचा जन्म १४९९ किंवा १५०० चा. १५१२ साली फ्रेंच सैन्याने ब्रेशिया लुटली तेव्हा या पोराच्या जबड्यावर तलवारीचा वार बसला आणि बोलणे कायमचे अडखळते झाले. ‘तार्ताल्या’ हे तोतऱ्याला दिलेले टोपणनावच, ते त्याने पुस्तकांवरही मिरवले. व्हेरोनात शिकवून १५३४ साली तो व्हेनिसला आला. त्याआधी १५३० साली झुआन्ने दा कोई या ब्रेशियाच्या शिक्षकाने त्याला दोन प्रश्न धाडले होते: क्ष³ + ३क्ष² = ५, आणि दोन-दोनाच्या अंतराने असलेल्या तीन संख्यांचा गुणाकार १००० असेल तर त्या कोणत्या, म्हणजेच क्ष³ + ६क्ष² + ८क्ष = १०००. पहिल्या जातीचे समीकरण आपल्याला सुटते असे तार्ताल्याने सांगायला सुरुवात केली.

फिओरला ही बढाई वाटली. त्याने आव्हान दिले: प्रत्येकी ३० प्रश्न, आणि हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला ३० मेजवान्या द्यायच्या. फिओरचे तीसच्या तीस प्रश्न एकाच जातीचे होते, घन अधिक क्ष बरोबर संख्या. वरचे कपडे तेवढे निराळे. पहिलाच होता: अशी संख्या सांगा की तिच्यात तिचेच घनमूळ मिळवले तर ६ येतील. आणखी एक: कोणी नीलम ५०० डुकाटांना विकला आणि त्याला खरेदीच्या घनमुळाइतका नफा झाला, तर नफा किती? (क्ष³ + क्ष = ५००; नफा सुमारे ७.८९५ डुकाट.) एका प्रश्नात १२ हात उंचीचे झाड मोडले होते, उभा राहिलेला भाग पडलेल्या भागाचे घनमूळ.

इथे फिओरची चाल चुकली. जास्तीत जास्त हानी व्हावी म्हणून त्याने सगळे वजन एकाच जागी टाकले. समोरच्याला रीत नसेल तर तीस-शून्य, पण रीत सापडली तर एकही प्रश्न राखीव नाही. शिवाय फिओरला ही रीत कोण्या थोर गणितीकडून मिळाली आहे अशी कुणकुण तार्ताल्याला लागली होती. उत्तर अस्तित्वात आहे हे कळणे हीच मोठी मदत. पाचोलीच्या पुस्तकामुळे जो माणूस कदाचित शोधायलाच बसला नसता, तो आता झपाटून बसला. त्याच्या सांगण्याप्रमाणे मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना, १२ फेब्रुवारी १५३५ ला, रीत हाती लागली. दुसऱ्या दिवशी ‘घन बरोबर क्ष अधिक संख्या’ हाही प्रकार सुटला. मग तीसही प्रश्न दोन तासांच्या आत. त्याने फिओरला विचारलेले प्रश्न निरनिराळ्या विषयांतले होते, त्यांच्यापुढे फिओर थिटा पडला. मेजवान्या तार्ताल्याने सोडून दिल्या. फिओर यानंतर गणिताच्या इतिहासातून जवळजवळ नाहीसा होतो.

तारखेबाबत एक सावधानता. तार्ताल्याच्या कवितेत शोधाचे साल १५३४ दिलेले आहे. व्हेनिसचे वर्ष १ मार्चला सुरू होई, त्यामुळे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १५३५ ते त्यांचे १५३४. दोन ठिकाणी दोन साले दिसली म्हणून त्याला खोटारडा ठरवण्याची गरज नाही.

१५३९: मिलानची भेट

जिरोलामो कार्दानो मिलानमध्ये वैद्यकी आणि गणिताची व्याख्याने असे दोन्ही करत होता आणि अंकगणितावर पुस्तक छापायच्या बेतात होता. सामन्याची हकीकत कळल्यावर त्याने जानेवारी १५३९ मध्ये एका पुस्तकविक्रेत्याला तार्ताल्याकडे पाठवले: रीत द्या, तुमच्या नावाने पुस्तकात घालतो. नकार आला. मग निदान फिओरचे तीस प्रश्न उत्तरांसह द्या. त्यालाही नकार, कारण उत्तरांवरून रीत उकलली असती. पत्रापत्री तापली, मग कार्दानोने सूर बदलला. मिलानचा गव्हर्नर अल्फोन्सो दावालोस याच्याशी तुमची गाठ घालून देतो, असे त्याने कळवले.

हे आमिष अचूक होते. तार्ताल्याने १५३७ साली तोफगोळ्यांच्या मार्गावर पुस्तक काढले होते, तोफेचा कोन मोजायची उपकरणे त्याच्याकडे होती, आणि सैन्य बाळगणारा आश्रयदाता मिळाला तर व्हेनिसमधली तुटपुंजी शिकवणी सुटणार होती. मार्चमध्ये तो मिलानला आला. गव्हर्नर व्हिजेव्हानोला गेलेला. कार्दानोच्या घरी, २५ मार्च १५३९ ला, तार्ताल्याच्या म्हणण्यानुसार कार्दानोने पवित्र शुभवर्तमानाची शपथ घेतली: हे कधीही छापणार नाही, आणि स्वतःसाठी टिपून ठेवले तरी सांकेतिक लिपीत, म्हणजे माझ्या मृत्यूनंतरही कोणाला कळणार नाही. मग तार्ताल्याने २५ ओळींच्या कवितेत तिन्ही प्रकारांची रीत दिली. सिद्धता दिली नाही. कवितेच्या शेवटी साल आणि समुद्राने वेढलेले शहर यांचा उल्लेख घातला. गुपित तर ठेवायचे पण शोधाची तारीख मात्र नोंदून ठेवायची, अशी ती दुहेरी सोय होती. गव्हर्नरसाठी शिफारसपत्र हाती असूनही तो व्हिजेव्हानोऐवजी थेट व्हेनिसला परतला. बहुधा वाटेतच पस्तावला असावा.

कवितेतून गणित शिकण्यात काय बिघडते ते लगेच दिसले. एप्रिलमध्ये कार्दानोने कळवले की क्ष³ + ३क्ष = १० सुटत नाही. ‘तिसऱ्या भागाचा घन’ याऐवजी त्याने ‘घनाचा तिसरा भाग’ घेतला होता. ३ चा तिसरा भाग १, घन १. उलट ३ चा घन २७, त्याचा तिसरा भाग ९. बरोबर रीतीने √२६ = ५.०९९, दोन संख्या १०.०९९ आणि ०.०९९, घनमुळांची वजाबाकी सुमारे १.६९९, पडताळा जमतो. चुकीच्या रीतीने √३४ येते, शेवटी क्ष सुमारे १.२७, आणि समीकरणात घातला की १० ऐवजी ५.८८. तार्ताल्याने ही चूक उलगडून सांगितली. त्याने मनापासून केलेली ही शेवटची मदत.

घोडे कुठे पेंड खाते

ऑगस्ट १५३९ मध्ये कार्दानोने खरा अवघड प्रश्न विचारला: क्ष³ = ९क्ष + १०. या प्रकारात दोन संख्यांची बेरीज १० आणि गुणाकार ९ च्या तिसऱ्या भागाचा घन, म्हणजे २७, हवा. निम्मे ५, वर्ग २५, त्यातून २७ वजा. वर्गमूळ घ्यायचे ते उणे २ चे! रीत इथे कोलमडते. पण समीकरणाला चांगले धन उत्तर आहे, १ + √६, सुमारे ३.४४९. म्हणजे दोष समीकरणात नसून रीतीच्या वाटेत आहे.

तार्ताल्यालाही याचे उत्तर येत नव्हते. तसे न सांगता, तुम्हाला रीत नीट समजलेलीच नाही, तुमची पद्धत साफ चुकीची आहे, असे त्याने कळवले. कार्दानोने दिलेले आकडेच बदलता येतात का पाहावे, हाही विचार मनात आला होता, असे त्याने पुढे स्वतःच छापले. ताकास तूर लागू द्यायचे नाही हे धोरण इथे उलटले. ऋण संख्येच्या वर्गमुळाची अडचण दोघांनी मिळून १५३९ मध्ये तपासायला घेतली असती तर काय झाले असते हे सांगता येत नाही. पत्रव्यवहार आटला आणि कार्दानो स्वतंत्रपणे कामाला लागला, एवढे नक्की.

तो एकटा नव्हता. १५३६ च्या नोव्हेंबरअखेरीस त्याच्या घरी १४ वर्षांचा लोदोविको फेर्रारी नोकर म्हणून आला होता, तो आता सहकारी झाला होता. दोघांनी तीन गोष्टी केल्या. पहिली, वर्गाचे पद घालवायची सर्वसाधारण तोड: क्षच्या जागी दुसरे अव्यक्त घ्यायचे आणि त्यातून वर्गाच्या सहगुणकाचा तिसरा भाग वजा करायचा. दा कोईच्या जुन्या क्ष³ + ६क्ष² + ८क्ष = १००० मध्ये क्ष = य − २ ठेवा, उरते य³ = ४य + १०००, म्हणजे तार्ताल्याच्या कवितेतला दुसरा प्रकार. दुसरी, प्रत्येक प्रकाराची भूमितीय सिद्धता, घनाचे तुकडे पाडून.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. दा कोईने मिलानला येऊन आणखी एक प्रश्न टाकला: १० चे असे तीन भाग करा की ते एकाच प्रमाणात वाढत जावेत आणि पहिल्या दोघांचा गुणाकार ६ व्हावा. मधला भाग क्ष धरला तर क्ष⁴ + ६क्ष² + ३६ = ६०क्ष. चतुर्घाती समीकरण! फेर्रारीने १५४० साली ते असे फोडले. दोन्ही बाजूंना ६क्ष² मिळवा, डावीकडे (क्ष² + ६)² हा पूर्ण वर्ग होतो. आता कंसात आणखी एक अव्यक्त य घाला: (क्ष² + ६ + य)². उजवीकडे (६ + २य)क्ष² + ६०क्ष + (य² + १२य) येते. हेही पूर्ण वर्ग व्हावे अशी अट घातली की य साठी य³ + १५य² + ३६य = ४५० हे समीकरण मिळते. ते सोडवा, दोन्ही बाजूंचे वर्गमूळ घ्या, उरते साधे वर्गसमीकरण.

शपथेचे ओझे इथे असह्य झाले, कारण मधली पायरी त्रिघाती आहे. तार्ताल्याची रीत छापल्याशिवाय फेर्रारीचा शोध छापता येत नव्हता. १५३९ च्या शपथेने कार्दानोचेच तोंड बांधले होते असे नाही, जो त्या व्यवहारात पक्षच नव्हता त्या तरुणाचेही श्रेय अडकले होते. आणि तार्ताल्या स्वतः काही छापत नव्हता. १५४३ साली त्याने युक्लिडचे इटालियन भाषांतर काढले, आर्किमिडीज छापला. समीकरणांवरचे वचन दिलेले पुस्तक मात्र आज नाही उद्या.

बोलोन्याची वही आणि १५४५ चे पुस्तक

१५४३ साली कार्दानो आणि फेर्रारी बोलोन्याला गेले. देल्ला नावेने सासऱ्याची वही दाखवली. तीत रीत होती, तार्ताल्याच्या सुमारे वीस वर्षे आधीची. कार्दानोच्या दृष्टीने गाठ सुटली: आता आपण देल फेर्रोची रीत छापतो आहोत.

कार्दानोचे ‘आर्स माग्ना’ हे पुस्तक १५४५ साली न्यूरेम्बर्गला योहानेस पेत्रेयुसच्या छापखान्यातून निघाले. दोन वर्षांपूर्वी कोपर्निकसचा ग्रंथ छापणारा तो हाच. त्रिघाती समीकरणाचे तेराही प्रकार, सिद्धता, फेर्रारीचे चतुर्घाती, आणि १० चे दोन भाग करून गुणाकार ४० आणायला सांगणारे ते प्रसिद्ध उदाहरण, ज्याचे उत्तर ५ + √−१५ आणि ५ − √−१५ येते. अकराव्या प्रकरणाच्या आरंभी श्रेयाची वाटणी आहे: बोलोन्याच्या शिपिओने फेर्रोने सुमारे तीस वर्षांपूर्वी शोधले, व्हेनिसच्या फिओरला दिले, फिओरशी झालेल्या सामन्यामुळे ब्रेशियाच्या निकोलोलाही ते सापडले, माझ्या विनंतीवरून त्याने मला रीत दिली पण सिद्धता दिली नाही, ती मी शोधली.

यापेक्षा स्वच्छ श्रेयलेख त्या शतकात शोधून सापडणे कठीण. तरीही पेच यातच आहे. कार्दानोने फक्त देल फेर्रोचे नाव घातले असते तर शपथ शब्दशः मोडली नसती, पण तार्ताल्यावर अन्याय झाला असता. तार्ताल्याचे नाव घातल्याने न्याय झाला, पण ‘त्याने मला दिले’ या शब्दांनी शपथेचा भंग कबूलही झाला. तार्ताल्याला श्रेय आणि गुपित दोन्ही हवे होते. ते दोन्ही एकाच वेळी देता येण्यासारखे नव्हते. छापल्याशिवाय श्रेय कोणाला कळणार? पुढच्या शतकात यावर अर्धामुर्धा तोडगा निघाला. लंडनच्या रॉबर्ट हुकने १६७६ मध्ये स्प्रिंगच्या ताणाचा नियम १४ विस्कटलेल्या अक्षरांत छापला आणि दोन वर्षांनी उलगडला. शोध झाकलेला, तारीख मात्र उघडी. तार्ताल्याच्या कवितेत नेमके उलटे होते: रीत उघडी, आणि तारीख एकट्या कार्दानोच्या कागदपत्रांत बंद.

शपथ खरोखर घेतली होती का

शपथेचे शब्द, भेटीचे संवाद, पत्रे, जवळजवळ सगळे एकाच जागेवरून येते: तार्ताल्याने १५४६ साली, म्हणजे भांडण पेटल्यावर, छापलेल्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तकातून. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला अर्पण केलेल्या त्या पुस्तकात त्याने कार्दानोची यथेच्छ नालस्ती केली. उलट फेर्रारीने लिहिले की आपण त्या वेळी घरात होतो आणि गुप्ततेचे असे काही ठरले नव्हते. दोघेही पक्षकार, दोघांच्या शब्दांवर तसा भरवसा ठेवता येत नाही.

पण कार्दानोची वागणूक बोलकी आहे. १५३९ च्या अंकगणिताच्या पुस्तकात त्याने रीत घातली नाही. पुढची सहा वर्षे हाताशी इतके मोठे काम असून थांबला. आणि जी रीत आधीच येत होती ती पाहायला बोलोन्याला गेला. काही बंधन नसते तर या प्रवासाची गरजच नव्हती. आमच्या मते वचन दिलेले होते. शब्द तार्ताल्या सांगतो तितके नाट्यमय होते की नाही, हा वेगळा भाग.

१५४७–४८: सहा पत्रके, सहा उत्तरे

कार्दानो उत्तर द्यायला पुढे आलाच नाही. १० फेब्रुवारी १५४७ ला फेर्रारीने छापील आव्हानपत्रक काढून इटलीभरच्या विद्वानांना वाटले. तार्ताल्याला कार्दानोशी लढायचे होते, त्याच्या पंचविशीतल्या चेल्याशी नव्हे. जिंकून मिळणार काय, आणि हरलो तर? तो टाळत राहिला. तरी दीड वर्षात सहा पत्रके आणि सहा उत्तरे झाली. दोघांनी ३१–३१ प्रश्न घातले. कंपासचे तोंड एकाच मापावर पक्के ठेवून युक्लिडच्या रचना करा, असे तार्ताल्याने सांगितले, ते फेर्रारीने करून दाखवले. फेर्रारीने आणखी एक घाव घातला: तू मध्ययुगीन योर्दानुसची प्रमेये स्वतःची म्हणून छापली आहेस. हा आरोप पोकळ नव्हता. १५४३ मध्ये तार्ताल्याने आर्किमिडीजचे जे लॅटिन भाषांतर छापले तेही मुळात तेराव्या शतकातल्या मोर्बेकेच्या विल्यमचे होते, आणि त्याचे नाव त्यात नाही. दुसऱ्याच्या शपथभंगावर बोट ठेवणाऱ्याची स्वतःची पाटीही कोरी नव्हती.

मग १५४८ मध्ये ब्रेशियाने तार्ताल्याला व्याख्यात्याची जागा देऊ केली आणि सामना टाळणे अवघड झाले. १० ऑगस्ट १५४८ ला मिलानच्या सांता मारिया देल जार्दिनो चर्चमध्ये, गव्हर्नर फेर्रांते गोंझागाच्या पंचाईखाली, दोघे समोरासमोर आले. गाव फेर्रारीचे, श्रोते त्याचे. अडखळत बोलणारा पन्नाशीचा माणूस एका बाजूला, तडफदार वक्ता दुसऱ्या बाजूला. त्रिघाती आणि चतुर्घाती समीकरणांवर फेर्रारीची पकड जास्त होती हेही खरे. तार्ताल्याला १५३५ पासून त्यात मोठी भर घालता आली नव्हती. तार्ताल्याने फेर्रारीच्या एका उत्तरातली चूक काढण्यात सुरुवातीचा वेळ घालवला, वाद जेवणाच्या वेळेपर्यंत लांबला, सभा उठली. दुसऱ्या दिवशी तो मिलान सोडून गेला, निकाल फेर्रारीच्या बाजूने. ब्रेशियात त्याने सुमारे वर्षभर शिकवले, पगार काही हाती पडला नाही, आणि तो व्हेनिसला परतला. तिथेच १५५७ मध्ये वारला. समीकरणांवरचे ते पुस्तक कधीच निघाले नाही. फेर्रारीला मात्र नोकऱ्यांचे प्रस्ताव आले. त्याने गोंझागाच्या चाकरीत मिलान प्रांताच्या करआकारणीचे काम पत्करले.

ऑगस्ट १५३९ च्या पत्रातला प्रश्न या सगळ्या धुमाळीत तसाच पडून राहिला होता. तो हाती घेतला बोलोन्याच्या राफाएल बोम्बेल्लीने, जो पेशाने दलदली उपसून जमीन काढणारा अभियंता होता. १५७२ साली छापलेल्या बीजगणितात त्याने क्ष³ = १५क्ष + ४ घेतले. निम्मे २, वर्ग ४, त्यातून ५ चा घन १२५ वजा, राहिले उणे १२१. उत्तर म्हणजे २ + √−१२१ आणि २ − √−१२१ यांच्या घनमुळांची बेरीज. बोम्बेल्लीने ऋण संख्यांच्या वर्गमुळांच्या गुणाकाराचे नियम आधी मांडले आणि मग दाखवले की २ + √−१ चा घन केला की नेमके २ + √−१२१ येते. दुसरे घनमूळ २ − √−१. बेरीज करताना √−१ उडून जाते आणि ४ उरतात. पडताळा: ६४ = ६० + ४.